एमिली डिकिन्सनची हस्तलिखितं उतरवताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या कवितांची तू हस्तलिखितांवरून उतरवलेली प्रत मिळाली. तिचं अक्षर लावणं सोपं नाही. तिच्या गावच्या, ॲमहर्स्टच्या, संग्रहालयातले पक्ष्यांच्या पावलांचे अश्मीभूत ठसे गिरवूनच ही लिहायला शिकली असावी, असं तिच्याशी पत्रव्यवहार असलेल्या खुद्द हिगिन्सन या लेखकाने म्हटलंय. तरी तुला बहुतेक सगळं लागलंय. माझी तक्रार वेगळी आहे: तुझी प्रत फार नीटनेटकी झालीय.

'माय लाइफ हॅड स्टुड' ही कविता घे. शेवटच्या कडव्यात 'पॉवर' या शब्दापाशी अधिकाची बारीक खूण आहे आणि कवितेखाली तशाच खुणेपुढे 'आर्ट' लिहिलंय. तू 'पॉवर' ठेवलंस, 'आर्ट' गाळलंस. जीव घेण्याची ताकद की जीव घेण्याची कला, हे तिनं मिटवलेलं नाही. मग तू कशाला मिटवतोस? पोथ्यांच्या कामात आपण अनेक लेखनिकांच्या प्रती ताडून जुना पाठ शोधतो. भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तशीच सिद्ध झाली. इथे मधे लेखनिकच नाही. पाठभेद कवयित्रीच्या स्वतःच्या हातचे, तेही एकाच कवितेखाली मांडलेले. ती पोथीवाली सवय इथे चालणार नाही.

नीटनेटकेपणाचा हा उद्योग तुझ्याआधीही झालाय. 1886 साली ती गेल्यावर बहीण लाविनियाच्या हाती कवितांचा साठा लागला. त्यात हाताने शिवलेल्या 40 वह्या होत्या. 1890 च्या पहिल्या संग्रहासाठी मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन यांनी यमकं घासूनपुसून घेतली, कवितांना मथळे दिले. 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ'ला 'द चॅरिअट' नाव चिकटवलं आणि एक अख्खं कडवं उडवलं. वह्यांची शिवणही उसवली गेली. पुढे राल्फ फ्रँकलिन या अभ्यासकाने डाग आणि सुईची भोकं जुळवून पानांचा क्रम लावला आणि 1981 मध्ये त्या वह्यांची छायाचित्रं छापली. तिच्या कवितांच्या त्याने 1998 मध्ये काढलेल्या तीन खंडी आवृत्तीपेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

डॅशही तू सगळे एका मापाचे केलेस. 1866 साली 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन' या वृत्तपत्राने तिची सापाची कविता छापली, तीही तिसऱ्या ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठोकून. तिसरी आणि चौथी ओळ सलग, एकच होती, असं तिनं हिगिन्सनला चिडून कळवलं. हयातीत जेमतेम दहाएक कविता छापून आल्या, त्यातली ही एक! एका चिन्हाचं तिला इतकं लागलं, तर छोटा, लांब, वर चढणारा, खाली झुकणारा डॅश तू डोळ्याआड करू नयेस. छापताना काय करायचं ते नंतर बघू.

ओळी कुठे मोडायच्या यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. वहीत बहुतेकदा कडेला जागा नाही म्हणून शब्द खाली गेलेला दिसतो. पण उत्तरायुष्यात ती पाकिटांच्या तुकड्यांवर, एकदा तर चॉकलेटच्या वेष्टनावर लिहायची. तिथे कागदाचा आकार आणि ओळ वेगळी काढायला जाऊ नकोस. ओळ जिथे मोडलीय तिथेच मोड, आणि तुझं मत टिपणात लिही.

भाऊ ऑस्टिनचं टॉडबाईंशी प्रकरण, मग जमिनीवरून कोर्टकचेरी, यात कागद वाटले गेले. बराचसा भाग हार्वर्डच्या ह्यूटन ग्रंथालयात, उरलेला मुख्यतः ॲमहर्स्ट कॉलेजात. 2013 पासून दोन्हीकडची पानं ऑनलाइन एकत्र बघता येतात, तेव्हा सबब नाही. पहिल्या खेपेला छापील आवृत्ती उघडूच नकोस, नाहीतर डोळे छापलेलंच वाचतात. अक्षर मोठं की लहान हे तिच्या बाबतीत पुष्कळदा ठरत नाही. अशा जागी दोन्ही शक्यता चौकोनी कंसात दे. तळाचे शब्द तळाशीच, त्यांच्या खुणांसकट.

या वेळी दोनच कविता पाठव. त्यात 'माय लाइफ हॅड स्टुड' हवीच.

तुझा,
सर