माइंडफुलनेसने समाज बदलू शकतो का?

एकट्या माइंडफुलनेसने, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाने, नाही. कामाचे तास, मजुरी, जमीन यांसाठी संघटना, मोर्चा, कायदा लागतोच.

जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत माइंडफुलनेसचा जो अभ्यासक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी होता. पुढे कंपन्यांनी तेच तंत्र उचललं. माणसाला बारा तास राबवायचं आणि वर श्वासाकडे लक्ष द्यायला सांगायचं, हा मला सरळ अन्याय वाटतो. ताण मग ज्याची त्याची कमजोरी ठरतो आणि तास तेवढेच राहतात.

पण व्हिएतनामचे भिक्खू तिक न्यात हान्ह बघा. युद्ध चालू असताना त्यांनी ध्यान शिकवलंच, शिवाय तरुण स्वयंसेवक खेड्यांत पाठवून बॉम्बने उद्ध्वस्त झालेली घरं पुन्हा उभी करवली. शांततेची बाजू मांडायला ते १९६६ मध्ये देशाबाहेर गेले, ते थेट २००५ मध्येच मायदेशी जाऊ शकले. एवढी वर्षं कडवटपणा न येऊ देता काम करत राहणं, ही सरावाचीच कमाई.

संघटनेच्या कामातही हा सराव उपयोगी पडतो. बैठकीत कुणी अंगावर ओरडून आलं की कान तापतात, जीभ शिवशिवते. तो क्षण ओळखता आला तर उत्तर मुद्द्याला धरून देता येतं. कितीतरी गट नेमके अशाच वेळी फुटतात.