वाचक विचारतात : उकळलेला वर्ट लवकर थंड कसा करावा?

प्रश्न : घरी बिअर करताना 20 लिटर वर्टसाठी (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, माल्टच्या, न आंबवलेल्या गोड पाण्यासाठी) 8 मीटर तांब्याची कॉइल वापरतो; ती वर्टमध्ये बुडवून तिच्यातून नळाचे पाणी सोडतो. सुरुवातीला तापमान झपाट्याने उतरते, पण 40 अंशांपाशी अडून बसते. नळाचे पाणी 28 अंशांचे आहे. आणखी लांब कॉइल घ्यावी का?

उत्तर : इतक्यात नको. उष्णता किती वेगाने निघते हे वर्ट आणि पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. सुरुवातीला हा फरक 70 अंशांच्या वर असतो, 40 ला पोहोचेपर्यंत जेमतेम 12 उरतो. शिवाय कॉइल कितीही लांब घेतली, तरी 28 अंशांच्या पाण्याने वर्ट 28 च्या खाली जाणार नाही.

आधी हे तपासा, की तुम्ही वर्ट हलवता का? कॉइल नुसती बुडवून ठेवली तर नळीलगतचा वर्ट गार होऊन तिथेच थांबतो आणि बाकीचा गरमच राहतो. निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने तो सतत, फेस न होऊ देता फिरवा किंवा कॉइलच सावकाश हलवत राहा. आमच्या मते वेळ सर्वांत जास्त याच एका सवयीने वाचतो, आणि तिला खर्च काहीच नाही. ढवळणे थांबवताच बाहेर पडणारे पाणी कोमट होऊ लागते, यावरून फरक कळेल. पहिली काही मिनिटे मात्र ते पाणी चटका बसेल इतके गरम असते, म्हणून बाहेरची नळी सिलिकॉनची घ्या. क्लिपने आवळलेले जोड भांड्याच्या काठाबाहेर ठेवा. जोड गळलाच तर नळाचे कच्चे पाणी वर्टमध्ये पडणार नाही.

40 च्या पुढे बर्फ लागेल. नळ बंद करा, बादलीत बर्फ आणि पाणी घ्या, त्यात छोटा सबमर्सिबल पंप सोडा आणि तेच पाणी कॉइलमधून फिरवा. पंप जोडण्याआधी कॉइलमधले गरम पाणी बादलीबाहेर सोडून द्या. 20 लिटर वर्ट 40 वरून 20 वर आणायला हिशेबाने सुमारे 4 किलो बर्फ लागतो. प्रत्यक्षात 6 ते 7 किलो हाताशी ठेवा. हाच बर्फ 100 अंशांपासून वापरला असता तर हिशेबानेच 16 किलो लागला असता. म्हणून सुरुवात नेहमी नळाच्या पाण्याने.

प्रश्न : कॉइल निर्जंतुक कशी करायची?

उत्तर : धुऊन, उकळीची शेवटची 15 मिनिटे वर्टमध्येच बुडवून. हिरवा थर दिसला तर आधी व्हिनेगरने पुसून काढा. वर्टमधून निघालेले तांबे चकचकीत दिसते, त्याने घाबरू नका. आम्लामुळे वरचा काळपट थर निघून जातो.

प्रश्न : धूळ पडू नये म्हणून उकळी थांबताच झाकण लावतो. बरोबर आहे ना?

उत्तर : घाई होते आहे. माल्टमधल्या एका घटकापासून, एसएमएमपासून (एस-मिथाइलमेथिओनिन), डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) हे गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो. वर्ट 80 अंशांच्या वर असेपर्यंत ते तयार होतच राहते. झाकण लावले की वाफेचे थेंब ते पुन्हा आत पाडतात. पिल्सनर या फिकट माल्टमध्ये हा त्रास जास्त. हॉप्स या फुलांचा कडवटपणाही गरम वर्टमध्ये वाढत राहतो. तेव्हा 80 पर्यंत झाकण उघडे ठेवा. 60 च्या खाली मात्र स्वच्छतेत कसूर नको, कारण तिथून पुढे जंतू तग धरू शकतात.

प्रश्न : वर्टमध्ये थेट बर्फ टाकला तर?

उत्तर : साधा बर्फ नको, त्यातून जंतू येतात. पाणी उकळून, निर्जंतुक बंद डब्यात गोठवलेला चालेल. तितके पाणी उकळताना कमी घ्यायचे.

प्रश्न : बर्फ संपला आणि वर्ट 30 वर राहिला. यीस्ट घालून टाकू?

उत्तर : एल या बिअरप्रकाराचे साधे यीस्ट असेल तर नाही. 30 अंशांवर फ्युझेल अल्कोहोल (यीस्टने तयार केलेली उग्र, जड अल्कोहोले) वाढते आणि बिअर जळजळीत लागते. वर्ट निर्जंतुक फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) भरा, बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि 18 ते 20 अंशांवर आल्यावर, गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी, यीस्ट घाला. प्राणवायू मिसळण्यासाठी जोरात हलवायचे तेही तेव्हाच. क्वाइक जातीचे नॉर्वेजियन यीस्ट मात्र 30 च्या वरही छान काम करते. ते असेल तर थांबू नका.