मंगळवारी सकाळी दहा वाजता तू कुठं असशील?

‘कॉलेज मधेच सोडलं तर पुढं काय?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडं वर्षाला पंधरा-वीस मुलं तरी घेऊन येतात. बहुतेक जण इंजिनिअरिंगची, बहुतेक जण दुसऱ्या वर्षाला. एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. तिला स्नेहल म्हणू.

स्नेहल लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्याला आलेली. वडील एसटीत कंडक्टर. पहिल्या वर्षाचा एम-टू (इंजिनिअरिंगच्या गणिताचा दुसरा पेपर) राहिलेला, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला आणखी चार केट्या, म्हणजे नापास होऊन मागं राहिलेले विषय. डिसेंबरपासून ती कॉलेजला गेलीच नव्हती. रोज सकाळी आईला फोन करून ‘लेक्चरला चाललेय’ सांगायचं आणि पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचं.

पहिल्याच भेटीत मी चूक केली. “दोनच तर वर्षं राहिलीत, काढ ना कशीबशी,” असं म्हणून गेले. तिनं मान डोलावली आणि पुढचे तीन आठवडे ती आलीच नाही. हे वाक्य तिला घरचे, मैत्रिणी, रेक्टर मॅडम सगळ्यांनी ऐकवून झालं होतं. त्यात माझी एक भर.

चौथ्या आठवड्यात आली तेव्हा मी आधी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. जगणं नको असं वाटतं का, हेही सरळ विचारलं. हा प्रश्न मी टाळत नाही. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात भलतं येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तसं काही नव्हतं, पण झोप पहाटे चारला आणि मेसचा डबा तसाच परत. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवून घेतलं. नैराश्यात सगळेच विषय नावडते होतात, आणि अशा वेळी घेतलेला ‘सोडते’ हा निर्णय आजाराचा असू शकतो, त्या माणसाचा नव्हे. डॉक्टर म्हणाले, औषधाची गरज नाही, झोपेची घडी बसवा. (रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास असतो, फुकट असतो.)

मग मी तिला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. “समज, कॉलेज सोडलं. महिना उलटला. मंगळवारी सकाळी दहा वाजता तू कुठं आहेस, काय करतेस?”

मुलगे या प्रश्नाला साधारण ‘झोपलेलो असेन’ म्हणतात. स्नेहल बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “गावी. चुलीपुढं भाकरी थापत असेन. आणि रविवारी पाहुणे येतील.”

पाहुणे म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

तिची खरी कोंडी इथं होती. कोडिंग तिला झेपत नव्हतं, आवडत तर त्याहून नव्हतं. पण कॉलेजच्या आयकार्डानं लग्न अडवून धरलं होतं. आयकार्ड गेलं की अडसर गेला. म्हणून ना अभ्यास होत होता, ना सोडायची हिंमत होत होती. ‘मुलीला अभ्यासाचा कंटाळा आलाय’ एवढ्यावर मी थांबले असते, तर वेळापत्रकं आखून देत बसले असते.

तुला आवडतं काय, असं विचारलं तर म्हणाली, “माहीत नाही.” मला ते उत्तर चाललं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला आपली ‘पॅशन’ ठाऊक असलीच पाहिजे, हा हट्ट मला पटत नाही. पुढच्या एका वर्षाचं उत्तर पुरे. आवडत नसलं तरी हाताला जमतं असं काही? मग कळलं की हॉस्टेलच्या मजल्यावरच्या अकरा मुलींच्या मेसचा, गॅसचा, वायफायचा हिशोब हीच ठेवायची. पैशापैशाचा ताळमेळ लागेपर्यंत झोपायची नाही. एम-टूला घाबरणाऱ्या मुलीला या आकड्यांची भीती वाटत नव्हती.

वडिलांना बोलवायला ती दोन आठवडे तयार नव्हती. शेवटी ड्युटी बदलून, रात्रभर प्रवास करून ते आले. तीन महिने पोरगी खोटं बोलत होती, हे त्यांना तिच्या तोंडूनच कळावं, असा माझा आग्रह होता. तिनं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले.

मग म्हणाले, “मॅडम, फी सरकारनं माफ केली. मेसचे मी भरतो. मग हिला नडतंय काय?” त्यांचं चुकत नव्हतं. २०२४-२५ पासून राज्यानं व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. फुकट मिळालेलं सोडणं हे पैसे भरून सोडण्यापेक्षा घरच्यांना जास्त बोचतं, हे मी अलीकडं वारंवार बघते.

“चुकीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाचं तुम्ही काय करता?” मी विचारलं. ते किंचित हसले. “पुढच्या स्टॉपला उतरवतो. पण तिकिटाचे पैसे परत देत नाही.”

त्या दिवशी ते ‘हो’ म्हणाले नाहीत. ‘गावात काय सांगू’ एवढंच दोनदा म्हणाले आणि निघून गेले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला: मावशीकडं हडपसरला राहणार असेल तर बघू. लग्नाचा विषय दोन वर्षं काढणार नाही, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. तिनं बहुधा आधीच मागून घेतलं असावं.

आता कागदांचं, कारण इथं मुलं फार घाई करतात. रागाच्या भरात प्रवेश रद्दचा अर्ज देऊ नका. आधी नुसतं थांबता येतं का, वर्ष सोडून पुन्हा टर्म भरता येते का, पदवी संपवायला विद्यापीठ कमाल किती वर्षं देतं, हे परीक्षा विभागात विचारा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये असाल तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. त्यासाठी त्या वर्षांचे विषय सुटलेले लागतात, वर थोडं जादा काम किंवा इंटर्नशिप. कमावलेले क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक) एबीसी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे एखाद-दुसरी केटी राहिली असेल तर ती काढूनच बाहेर पडा. स्नेहलची बॅच जुन्या पॅटर्नची, तिला ही सोय नव्हती. गुणपत्रिका तेवढ्या मिळाल्या. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला स्वतःहून कळवा. शिक्षण थांबलं की हप्त्यांचं वेळापत्रक अलीकडं येतं, आणि ते नोटीस आल्यावर कळण्यात शहाणपण नाही.

कॉलेजनं मूळ दाखला द्यायला खळखळ केली, उरलेल्या दोन वर्षांची फी भरा म्हणाले. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०१८ मध्येच बजावलं आहे, आणि सोडून जाणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागू नये, हा तंत्रशिक्षणाची देखरेख करणाऱ्या एआयसीटीईचाही नियम आहे. लेखी अर्ज देऊन पोच घेतली, त्यात हे दोन्ही लिहिलं. सहाव्या दिवशी दाखला हातात.

तिनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बीकॉमला नाव घातलं. बारावीवर प्रवेश, मराठीतून शिकायची सोय, आणि आठवडाभर नोकरी करता येते. नोकरी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात, महिना दहा हजार. पहिले दोन महिने नुसती बिलं लावणं. कंटाळा येतो म्हणायची. मी म्हटलं, येऊ दे. पण मंगळवारी सकाळी दहाला ती कुठं असते, हे आता तिलाही माहीत होतं आणि आईलाही. झोपही बारा-साडेबारावर आली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आई अजून अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडेटा पाठवते. जुन्या मैत्रिणींचे प्लेसमेंटचे स्टेटस दिसले की ती दोन दिवस गप्प होते. सीए करायचं का, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. मला वाटतं तिनं घाई करू नये, तिला वाटतं मी तिला कमी लेखते.

मागच्या जुलैत तिचा फोन आला. पप्पांनी डेपोतल्या चौघांचे फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) तिला पाठवले होते, रिटर्न भरायला. सगळे ओळखीचे काका. पैसे घ्यायचे का, असं ती विचारत होती.

घे म्हटलं.