वाचकांचे प्रश्न: कसाव्याच्या जमिनीला चुना किती?

प्रश्न: माती परीक्षणात सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा) 4.4 आला. तो 6.5 वर न्यायला हेक्टरी सात-आठ टन चुनखडी लागेल असा हिशेब निघतो. कसाव्यासाठी (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात) एवढी टाकावी का?

नको. 6.5 सामूचा आग्रह सोयाबीन, घेवडा अशा पिकांसाठी ठीक आहे. कसावा त्या पंगतीतला नाही. आम्लधर्मी जमिनीत खरा त्रास देते ते विरघळलेले अॅल्युमिनियम. त्याने मुळांची टोके आखूड आणि जाड होतात. कसावा मात्र मातीतील विनिमयक्षम (मातीच्या कणांना सैल चिकटलेल्या) घटकांमध्ये अॅल्युमिनियमचा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत तग धरतो. घेवड्यासारखी पिके त्याच्या कितीतरी आधी मान टाकतात.

म्हणून कसाव्याला चुना द्यायचा तो सामू सुधारण्यापेक्षा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे अन्न म्हणून. हेक्टरी 500 किलो ते 1 टन (एकरी 200 ते 400 किलो) बहुतेक ठिकाणी पुरते. फेरपालटीत घेवडा किंवा मका असेल तर मात्रा त्या पिकाकडे बघून ठरवावी, पण 2 टनांपुढे जाताना आधी जस्ताची (झिंकची) सोय करा, कारण जास्त चुन्याने ते मुळांना मिळेनासे होते. नुसत्या सामूच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. अहवालात विनिमयक्षम अॅल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्तही मागा. 100 ग्रॅम मातीत कॅल्शियम 0.25 मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा (अहवालात वापरतात ते एकक) कमी असेल, तर थोड्या चुन्यानेही पीक चांगला प्रतिसाद देण्याची शक्यता असते.

प्रश्न: हेक्टरी तीन टन चुना टाकला. दीड महिन्यात शेंड्याची पाने अरुंद झाली, शिरांमध्ये पांढरट-पिवळे पट्टे आले. रोग आहे का?

ही लक्षणे जस्ताच्या कमतरतेची आहेत, आणि ती बहुधा चुन्यानेच ओढवली. सामू वाढला की जस्त मातीच्या कणांना घट्ट धरले जाते, मुळांना मिळत नाही. कसावा अॅल्युमिनियम सोसतो, पण जस्ताच्या बाबतीत नाजूक आहे. कोलंबियाच्या पूर्वेकडील गवताळ मैदानांतही जास्त चुन्याने उत्पादन घटल्याचे दिसले, त्यामागे हेच कारण होते.

खूण लक्षात ठेवा: जस्ताची उणीव कोवळ्या पानांवर दिसते, पालाशची (पोटॅशची) जुन्या पानांच्या कडांवर.

आता झिंक सल्फेटची अर्धा ते एक टक्का फवारणी करा (लिटरला 5 ते 10 ग्रॅम), ऊन उतरल्यावर. आधी चार-पाच झाडांवर मारून पाने करपत नाहीत ना ते पाहा. पुढच्या लागवडीला बेण्याच्या कांड्या 2 टक्के द्रावणात (लिटरला 20 ग्रॅम) 15 मिनिटे बुडवा, किंवा हेक्टरी 10 ते 20 किलो झिंक सल्फेट मातीतून द्या. टाकलेला चुना परत काढता येत नाही, म्हणून काही हंगाम नवा चुना बंद.

प्रश्न: चुनखडी, कळीचा चुना, विरलेला चुना, डोलोमाइट यांपैकी काय घ्यावे?

मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी), नाहीतर चुनखडीची भुकटी. शुद्ध माल धरला तर 1 टन चुनखडीचे काम 740 किलो विरलेला किंवा 560 किलो कळीचा चुना करतो. हे दोन्ही झटपट लागू पडतात, पण हात आणि डोळे भाजतात. हातमोजे, चष्मा, तोंडावर फडके हवेच. कळीचा चुना पाण्याने तापतो, त्यामुळे ओल्या पोत्यात ठेवू नका.

नावापेक्षा बारीकपणा महत्त्वाचा. पाव मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली भुकटी त्याच हंगामात काम करते. वाळूसारखी भरड चुनखडी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते आणि शेतकरी म्हणतो, चुना लागू पडला नाही.

प्रश्न: कधी आणि कसा पसरावा?

लागवडीआधी दोन ते चार आठवडे, जमिनीत ओल असताना. कोरड्या मातीत चुना विरघळत नाही. हेक्टरी 1 टन म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम, 10 बाय 10 मीटरच्या तुकड्याला 10 किलो. निम्मा उभा, निम्मा आडवा फेका आणि 15 ते 20 सेंटिमीटर खोल मिसळा. खड्ड्यात मूठभर टाकणे चूक: तेवढीच जागा अतिचुन्याची होते, बाकी रान जसेच्या तसे. अमोनियम सल्फेट किंवा युरिया त्याच वेळी टाकू नका. नत्र अमोनिया होऊन उडते. दोन आठवड्यांचे अंतर ठेवा.

प्रश्न: चुन्याऐवजी जिप्सम चालेल?

कॅल्शियम मिळेल, सामू बदलणार नाही. खालच्या थरातल्या अॅल्युमिनियमची विषारता कमी करायला मात्र ते उपयोगी, कारण पाण्याबरोबर खोल उतरते.

प्रश्न: चुना बेताने टाकला, जस्तही दिले, तरी कंद बारीकच. का?

पालाश तपासा. कसाव्याचे कंद जमिनीतून भरपूर पालाश उचलतात आणि चुन्यातून तो मुळीच मिळत नाही. त्याच रानात सलग कसावा घेतला की आधी पालाशच संपतो. पालाशयुक्त खत दोन हप्त्यांत द्या, लागवडीनंतर महिन्याने आणि तिसऱ्या महिन्यात, आणि काढणीनंतर बेण्याला न लागणारी खोडे व पाला रानाबाहेर नेऊ नका.