एडिसनमधला अपघात: वकिलांचे परिचय कसे वाचायचे

ताई, तुमचा प्रश्न माझ्या समजुतीप्रमाणे असा: पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं, आणि मैत्रिणीने सुचवलेल्या फर्मच्या साइटवर सात वकिलांचे सुटाबुटातले फोटो आणि लांबलचक परिचय आहेत. त्यातला कोण गाठायचा? मी वकील नाही. पण न्यू जर्सीतच अशा एका ऑफिसात बरीच वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, होते. असे परिचय टाइपही केले आहेत, त्यामुळे हवा कुठे भरतात ते माहीत आहे.

आधी एकच ओळ शोधा: ‘सर्टिफाइड बाय द सुप्रीम कोर्ट ऑफ न्यू जर्सी अ‍ॅज अ सिव्हिल ट्रायल अटर्नी’. म्हणजे भरपाईच्या दाव्यांसारखे दिवाणी खटले चालवण्यासाठी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने प्रमाणित केलेला वकील. हा शिक्का विकत मिळत नाही. त्यासाठी किमान पाच वर्षं वकिली झालेली लागते, ट्रायलचा अनुभव दाखवावा लागतो, लेखी परीक्षा द्यावी लागते आणि कामाची माहिती असलेल्या वकील-न्यायाधीशांकडून अभिप्राय मागवले जातात. राज्यातल्या थोड्याच वकिलांकडे तो आहे. न्यू जर्सी कोर्टाच्या साइटवर नाव टाकून स्वतः खात्री करता येते. लायसन्स चालू आहे ना, तेही तिथेच कळतं.

बाकी बिल्ल्यांवर फार जीव टाकू नका. ‘सुपर लॉयर्स’ ही निवडक वकिलांची एक खासगी यादी. तिची जाहिरात करायला इथल्या कोर्टाच्या समितीने 2006 मध्ये मनाई केली होती. 2008 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती उठवली, पण पुढे अटी आल्या: तुलना कोणी केली ते सांगा, आणि या जाहिरातीला सुप्रीम कोर्टाची मान्यता नाही असं लिहा. पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात ती ओळ दिसते ती त्यामुळे. ‘मिलियन डॉलर अ‍ॅडव्होकेट्स फोरम’चं सभासदत्व दहा लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या निकालावर मिळतं, पण त्यात सेटलमेंटही, म्हणजे खटल्याआधीची तडजोडही, धरतात. म्हणजे तो माणूस ज्युरीपुढे उभा राहिला होता की नाही, हे त्यावरून कळत नाही.

लॉ स्कूल तर मी वाचतही नाही. रटगर्स काय, सीटन हॉल काय, इथले निम्मे वकील तिथलेच. पण ‘आधी इन्शुरन्स कंपन्यांच्या बाजूने काम केलं’ असं कुठे लिहिलं असेल तर तिथे थांबा. बऱ्याच लोकांना ते खटकतं, की हा तर काल त्यांच्या पंगतीला होता. मला उलट वाटतं. अ‍ॅडजस्टर (दाव्याची रक्कम ठरवणारा इन्शुरन्स कंपनीचा माणूस) फाइलवर आकडा कसा ठरवतो, कंपनीचा डॉक्टर तपासणीत काय खोडी काढतो, कोणत्या टप्प्यावर ते घाबरतात, हे त्याने आतून पाहिलेलं असतं. माजी सरकारी वकील ज्युरीला बिचकत नाहीत, हे खरं. मात्र हाडांच्या सर्जनची साक्ष काढणं ही वेगळी विद्या आहे, ती नंतर शिकला का ते विचारा. निवृत्त न्यायाधीशाचा फोटो मोठा असतो. तुमच्या फाइलला त्यांचा हात बहुधा लागणार नाही.

यावरूनच पुढचं. पानावरचा संस्थापक पहिल्या भेटीत चहा पाजतो आणि नंतर फाइल वकिलीच्या दुसऱ्याच वर्षात असलेल्या असोसिएटकडे, म्हणजे फर्मच्या ज्युनियर वकिलाकडे, जाते. त्यात लबाडी नाही, कामाची वाटणी तशीच असते. फक्त डिपोझिशनला (ट्रायलआधी शपथेवर होणाऱ्या जबानीला) सासऱ्यांच्या शेजारी कोण बसणार आणि ट्रायल कोण चालवणार, ही दोन नावं सही करण्याआधी विचारून घ्या. फर्म स्वतः ट्रायल करतच नसेल तर केस सर्टिफाइड वकिलाकडे पाठवतात. त्याला फीचा वाटा पाठवणाऱ्याला देता येतो, पाठवणाऱ्याने पुढे काडी हलवली नसली तरी. तुमचा खर्च त्याने वाढत नाही. फीची कमाल मर्यादा कोर्टाच्या नियमाने बांधलेली आहे: मिळालेल्या भरपाईतून खर्च वजा जाता पहिल्या साडेसात लाख डॉलरवर एक तृतीयांश, पुढच्या साडेसात लाखांवर 30 टक्के, आणि त्यापुढे आणखी कमी.

गुजराती-हिंदी बोलणारा तरुण वकील आहे म्हणून तीच फर्म, असं करू नका. कोर्टाच्या कामात दुभाषी मिळतो. घरच्यांना फोनवर धीर येतो, एवढा त्याचा उपयोग नक्की.

आता सासऱ्यांच्या केसबद्दल. त्यांच्या नावावर इथे कार पॉलिसी नसणार, मग उपचारांचा खर्च कोणत्या पॉलिसीच्या पीआयपीतून (चूक कोणाचीही असो, उपचारांचा खर्च देणारा कार विम्याचा भाग) येईल, तुमची की धडक देणाऱ्याची, हे वकिलाने पहिल्याच भेटीत सांगायला हवं. ते तुमच्याच घरी राहतात का, हा प्रश्न येईल. तुमच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’ (ठरावीक गंभीर इजा असेल तरच वेदनांच्या भरपाईचा दावा करता येतो, अशी अट) घेतलेलं असेल तर त्याला महत्त्व आहे. तसं निघालं तरी हाड मोडून जागचं सरकलं असेल तर ती इजा त्या गंभीर इजांत मोडते आणि दावा करता येतो, म्हणून एक्स-रेचा लेखी रिपोर्ट सोबत न्या. हे प्रश्न स्वतःहून न विचारणारा वकील मला चालणार नाही, मग भिंतीवर किती का फ्रेमा असेनात.

दाव्याची मुदत साधारण दोन वर्षं आहे. गाडी टाउनशिपची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) किंवा सरकारी असेल तर मात्र 90 दिवसांत नोटीस जावी लागते. सासरे व्हिसा संपला की परत जातील, तेव्हा त्यांची साक्ष जाण्यापूर्वी व्हिडिओवर घ्यायची की नंतर पुण्याहून, हेही आत्ताच बोला.

आणि हॉस्पिटलमध्ये असताना ‘आम्ही चांगला लॉयर देतो’ म्हणून ज्याचा फोन आला असं तुम्ही लिहिलंय, त्याला परत फोन करू नका. पैसे देऊन अशी माणसं नेमून केसेस गोळा करणं हा न्यू जर्सीत फौजदारी गुन्हा आहे. त्याने फर्मचं नाव सांगितलं असेल तर ते तुमच्या यादीतून आधी काढा.