जुन्या छोट्या गाडीच्या एकाच पुढच्या चाकाचा आतला ब्रेक पॅड संपतो, चाक तापतं. मेकॅनिक म्हणतो आख्खा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदला. बदलावा का?

आतला पॅड पत्र्यापर्यंत घासला, बाहेरचा नव्यासारखा, आणि आर्णीहून गावी पोचेपर्यंत डावं चाक हात लावू देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यावरून माझा पहिला संशय पिनांवर. कॅलिपरचे पैसे एवढ्यात देऊ नका भाऊ.

अशा जुन्या छोट्या गाड्यांत पुढच्या कॅलिपरला पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, दाबतो आणि त्याच जोरावर कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की सरकणं बंद, सगळा भार आतल्या पॅडवर. आपल्याकडे त्याला वेळ लागत नाही. पिनेचं रबरी बूट फाटतं, पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा चिखल आत शिरतो आणि उन्हाळ्यात त्याची वीट होते.

मागच्या चाकांना दगड लावा, गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. ब्रेक दाबून सोडा आणि चाक फिरवून पाहा. जाम असेल तर कॅलिपरचं हवा काढायचं निप्पल जरासं ढिलं करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकून पडत होता. तेव्हा कॅलिपरला हात लावायच्या आधी त्याच्याकडे ऑइल नेणारी रबरी होज पाहा. ती आतून फुगली की ऑइल जाऊ देते, परत येऊ देत नाही. बाहेरून मात्र धडधाकट दिसते, म्हणून बिचाऱ्या कॅलिपरवर आळ येतो. निप्पल उघडूनही चाक अडलेलंच राहिलं तर पिना किंवा पिस्टन.

पिना काढताना वरची कोणती, खालची कोणती हे लक्षात ठेवा. काही गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात. कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने बांधा. गंज घासून पिना साफ करा, खड्डे पडले असतील तर नव्या घ्या, बूट नवेच घाला. आणि साधं ग्रीस, डिझेल, रॉकेल काही म्हणजे काही लावू नका. त्याने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडतात. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस आणा.

पिस्टन अडत असेल तर सील-बूटचं किट येतं. सील बोअरच्या (पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकाच्या) खाचेत बसतं आणि पिस्टनच्या अंगावर घट्ट राहतं. पिस्टनला गंजाचे खड्डे असतील तर नवं सील घालूनही गळणार. मग पिस्टन बदला, बोअरही खराब असेल तर कॅलिपर. भंगारातला कॅलिपर? ब्रॅकेट (कॅलिपर ज्यावर बसतो तो सांगाडा) चालेल, बाकी मी घेणार नाही. तोही तितकाच म्हातारा.

पॅड दोन्ही चाकांचे बदला. डिस्कच्या किमान जाडीचा आकडा बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेला असतो, तो पाहा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डॉट ४ च्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस लागतो, पाणी मुरलेल्याचा १५५. चिखलदऱ्याचा घाट उतरताना, त्यात एक चाक आधीच तापलेलं असताना, ऑइल उकळून पेडल मऊ पडतं, तेव्हा हा फरक कळतो. ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

काम झाल्यावर ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढा आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला ब्रेक नुसता खाली जातो.