'ते असो' म्हणून सोडलेली गोष्ट

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. मुलाने इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं, वर्षभर गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतोय, 'मी कोण ते मला शोधायचंय' म्हणतो. नातेवाइकांत तोंड दाखवायची चोरी झालीय. त्याला समुपदेशकाकडे न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे: 'मला चित्रकलेच्या इंटरमीडिएटला ए ग्रेड होती, जे.जे. आर्ट स्कूलला जायचं होतं, ते असो.'

नाही ताई, ते असो नाही. माझं लक्ष त्या ओळीवरून हललेलंच नाही.

'आयडेंटिटी क्रायसिस', म्हणजे 'मी कोण' हा पेच, हा शब्द रुजवणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन स्वतः शाळा संपल्यावर चित्रं काढत युरोपात भटकत होते. पंचविशीत व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला लागले. विद्यापीठाची पदवी कधीच घेतली नाही, तरी पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. तुमचा मुलगा असाच मोठा होईल, असं मी म्हणत नाही. या वयातलं भटकणं हा आजार नव्हे, एवढंच म्हणतेय.

त्यांचाच धागा पकडून मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी कॉलेजातल्या तरुणांच्या मुलाखती घेतल्या आणि 1966 मध्ये, 'मी कोण' या शोधात कोण कुठे आहे यावरून, चार गट मांडले. एका गटातले अजून शोधतायत, अस्वस्थ आहेत. तुमचा मुलगा तिथे आहे. दुसऱ्या गटातल्यांनी शोध घेतलाच नाही, घरच्यांनी हातात दिलं तेच आपलं मानलं. वरून ही माणसं अगदी स्थिर दिसतात. तुम्ही मुलाकडे जे 'स्थैर्य' मागताय, ते हेच आहे, आणि त्याची किंमत तुम्ही स्वतः मोजलीय. म्हणून मला तुमचा थोडा रागही येतो.

हा शोध विशीतच संपतो असंही नाही. चाळिशी-पन्नाशीत तो पुन्हा उघडतो, हे मार्सियांच्याच पुढच्या कामात आहे. तुमचा उघडलाय. मुलाचा कॅमेरा तुम्हाला इतका खुपतो, तो उगाच नाही.

समुपदेशक राहू द्या. येत्या रविवारी त्याला समोर बसवा आणि जे.जे.ची गोष्ट पहिल्यापासून सांगा. घरी कोण काय म्हणालं, फॉर्म का भरला नाही, रंगांची पेटी कुणाला देऊन टाकली. मध्ये 'ते असो' म्हणायचं नाही, आणि त्याच्या राहिलेल्या वर्षाचा विषय काढायचा नाही.